पाऊण वाजताची भरती

आदला दिवस, सकाळी १०. सुमारे २६ तास आधी

डार्विनमधल्या आमच्या अंगणात गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि मी तिच्याखाली पाठीवर पडलो होतो. दोन महिने शनिवार-रविवार हेच चाललेलं. गाडीला स्नॉर्कल बसवला होता, म्हणजे इंजिनाची हवा चाकाच्या वरून न ओढता छताच्या उंचीवरून ओढायची सोय. इंजिनात हवेऐवजी पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तिथेच कारभार आटोपतो.

त्या दिवशी उरलेलं काम डिफरन्शियलच्या ब्रीदरचं होतं. धावून तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरचं पाणी ओढून घेते. तेलाचा दुधाचा चहा होतो. म्हणून ब्रीदरच्या नळ्या वर न्यायच्या. लोक त्या इंजिनापर्यंत नेतात, मी स्नॉर्कलला लावून थेट छतापर्यंत नेल्या. नळीला क्लॅम्प लावताना बोट सोलवटलं, ते अजून दिसतं.

लाल धूळ आत येते म्हणून चारही दारांची आणि मागच्या झाकणाची रबरं नवीन घातली होती. हे लक्षात ठेवा.

आदला दिवस, रात्री ९. पंधरा तास आधी

मेव्हणा गुहागरहून आठवड्यासाठी आला होता. जेवण झाल्यावर मी त्याला बेत सांगितला. आर्नहेम हायवेने जबिरू, तिथून चाळीसेक किलोमीटरवर ईस्ट ॲलिगेटर नदी. ती काहिल्स क्रॉसिंगला ओलांडली की काकाडू राष्ट्रीय उद्यान संपतं आणि आर्नहेम लँड सुरू होतं. पलीकडे पंधराएक किलोमीटरवर गुनबलान्या गाव, तिथलं चित्रकारांचं केंद्र बघायचं आणि परत. जमीन आदिवासींची, म्हणून नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना काढून ठेवला होता.

नदीच्या नावात ॲलिगेटर आहे, पण ऑस्ट्रेलियात ॲलिगेटर नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याचे नकाशे काढणाऱ्या फिलिप पार्कर किंगने मगरी पाहून चुकीचं नाव ठेवलं. मगरी मात्र खऱ्या आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, आणि भरपूर. क्रॉसिंगला नाव आहे पॅडी काहिल या रानम्हशींच्या शिकाऱ्याचं. क्रॉसिंग म्हणजे पूल नव्हे. नदीच्या तळावर ओतलेला काँक्रीटचा पट्टा, त्यावरून पाणी वाहतं. आपल्याकडे फरशी म्हणतात तसा.

"पाणी भरतीचं आहे?" मेव्हण्याने विचारलं.

"हो. वेळापत्रक बघितलंय. सकाळी सातला पूर्ण भरती, मग दुपारी एकपर्यंत ओहोटी. आपण नवाला पलीकडे, बाराला परत. सगळं उतरत्या पाण्यात."

"हे वेळापत्रक कुठलं?"

"डार्विन बंदराचं."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "भावोजी, दाभोळला भरती लागली म्हणून गोवळकोटला लगेच पाणी चढत नाही." त्याचा जन्म खाडीवरचा. माझाही, पण मी वीस वर्षांपूर्वी ती सोडली. त्याने सवयीने बोटांवर हिशेब केला. आज पौर्णिमा, उद्या प्रतिपदा, म्हणजे एक तिथी, एकाची पाऊणपट. "आमच्या हिशेबाने उद्या पाऊण वाजता भरती." मी हसलो. तिथीची पाऊणपट कोकणच्या किनाऱ्याची, तिचा इथे काय संबंध? आणि ते खरंच होतं. प्रत्येक किनाऱ्याचा हिशेब वेगळा.

त्याचा आकडा मी खोडला. त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पहाटे ४:३०. सात तास २२ मिनिटं आधी

मी, बायको आणि मेव्हणा निघालो. साठ लिटर पाणी, दोन जेरीकॅन डिझेल, यूएचएफ रेडिओ, उपग्रहाला हाक देणारं बीकन. अंधारात वॉलबी आणि म्हशी रस्त्यावर येतात म्हणून उजाडेपर्यंत गाडी हळू.

सकाळी ८:५०. तीन तास आधी

क्रॉसिंगच्या काठावर थांबलो. एरवी अनोळखी पाण्यात गाडी घालण्याआधी माणसाने चालून खोली बघावी असा नियम आहे. इथे तो उलटा, पाण्यात पाय घालायचा नाही. जानेवारी २०१७मध्ये इथेच पायी निघालेल्या एका माणसाला मगरीने मारलं. म्हणून खोली खांबावरच्या आकड्यांवरून वाचायची. आकडा होता ०.३, पाणी गुडघ्याच्याही खाली. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तिची मर्यादा ७०० मिलिमीटर.

मी तरीही सगळं शास्त्राप्रमाणे केलं. नाकावर ताडपत्री बांधली. पाणी रेडिएटरवर आदळलं तर पंख्याची पाती वाकून रेडिएटरला घासतात, ते टाळायला. ओढायचा पट्टा पुढच्या हुकात अडकवून बॉनेटवरून काचेपर्यंत आणून ठेवला, कारण अडकल्यावर पाण्यात उतरून बांधायची इथे सोय नाही. काचा चारही खाली, कारण वीज गेली की त्या उघडत नाहीत.

सकाळी ९:१५. दोन तास ३७ मिनिटं आधी

लो रेंज, दुसरा गिअर, मध्ये क्लच नाही. पाणी समुद्राकडे वाहत होतं. माझ्या हिशेबाने ओहोटी, म्हणजे ते समुद्राकडेच वाहायला हवं. ताळा जुळला.

खरं काय चाललं होतं ते नंतर कळलं. ती आदल्या रात्रीच्या भरतीची ओहोटी होती, शेवटचं पाणी. सकाळी सातला डार्विनला आलेली भरती अजून नदीच्या वळणांतून वर चढत होती. समुद्रापासून इतक्या आत ती कित्येक तास उशिरा पोचते, आणि पोचते तेव्हा सावकाश नाही. वरच्या अंगाला भरती थोड्या वेळात झपाट्याने चढते आणि मग बराच वेळ उतरत राहते. चुकीच्या गणिताचं उत्तर त्या एका क्षणी बरोबर दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी ११:२०. ३२ मिनिटं आधी

गुनबलान्याहून निघालो. बायकोने केवड्यासारख्या पँडॅनसच्या पात्यांची विणलेली टोपली घेतली होती. तासभर विणणाऱ्या बायकांजवळ बसून तिने वीण बघितली.

सकाळी ११:४५. सात मिनिटं आधी

पाणी मातकट झालं होतं. खांबाच्या आकड्यावर फेस आपटत होता, नीट वाचता येईना. मी ०.६ धरला. मर्यादेच्या आत. शिवाय उतरतंय, पाच मिनिटांत आणखी कमी होईल.

मेव्हण्याने मान बाहेर काढली. "बोय चढतेय, भावोजी." काँक्रीटच्या पट्ट्यावरून बोई मासे उड्या मारत होते, सगळे नदीच्या वरच्या दिशेला. मगरी इथे जमतात त्या याच बोईसाठी. भरतीबरोबर मासे पट्ट्यावर येतात आणि त्या तोंडं उघडून बसतात. बारा-पंधरा होत्या. मी मगरी मोजल्या. मासे कुठल्या बाजूला जातायत ते बघितलं नाही.

"थांबू या का?" बायको मागून म्हणाली.

आमच्या पुढे गावातली एक जुनी ट्रक, मागे माणसं आणि सामान खच्चून भरलेली, सरळ निघून गेली होती. तिच्याकडे स्नॉर्कलसुद्धा नव्हता.

सकाळी ११:५०. दोन मिनिटं आधी

उतरलो. पलीकडच्या काठावर मगरी बघायला आलेले लोक दोन्ही हात वर करून हलवत होते. मीही खिडकीतून हात केला.

सकाळी ११:५१

पट्ट्याच्या मध्यावर पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं आणि आत आलं नाही. एक थेंब नाही. नवीन रबरं. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला.

ट्रक जड होती आणि तिच्या दारांतून पाणी आरपार गेलं असणार. आमची गाडी बंद डबा झाली. डब्यात पाणी शिरलं नाही की तो तरंगतो. पुढे डिझेल इंजिनाचं वजन, मागे सामानाची जागा निम्मी रिकामी. आधी मागची चाकं उचलली गेली, अगदी हलकेच, खाडीत होडी सुटते तशी. मेव्हण्याला ते माझ्या आधी कळलं. त्याने दोन्ही हातांनी छताची कड धरली.

सकाळी ११:५२

गाडी फिरली. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, आणि बाजू फिरवलेली गाडी म्हणजे भिंतच. इंजिन सुरूच होतं, शेवटपर्यंत. स्नॉर्कल आपलं काम करत होता. चाकं फिरत होती, त्यांच्याखाली काही नव्हतं. नदी आम्हाला समुद्राकडे नव्हे, डोंगराकडे घेऊन चालली होती.

पट्ट्याच्या कडेच्या खडकांना आपटून ती तिरकी अडकली. आता खिडक्यांतून पाणी आलं. त्याच खिडक्यांतून आम्ही छतावर गेलो, आधी बायको. टोपली तिच्या हातात होती.

दुपारी १२:१०

मासे धरायला आलेल्या दोघांनी ॲल्युमिनियमची होडी आणली. ते काही बोलले नाहीत. एक होडी धरून होता, दुसरा फक्त पाण्याकडे बघत होता.

दुपारी १२:४५

काठावर बसलो होतो. पाणी थांबलं. वर नाही, खाली नाही, तेलासारखं स्थिर. पूर्ण भरती. मेव्हण्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली. नंतर मी त्याला सांगितलं की तो निव्वळ योगायोग होता. तो म्हणाला, "हो, असणार."

दुसरा दिवस, सकाळ

पाणी उतरल्यावर बॉनेटवर बांधलेल्या त्याच पट्ट्याने गाडी ओढून काढली. वायरिंग, संगणक, सीट, सगळं गेलं होतं. गॅरेजवाल्याने सवयीने खाली जाऊन मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सोडला आणि बोट घालून बघितलं. तेल मधासारखं स्वच्छ होतं.

"ब्रीदर कोणी बसवले?" त्याने खालूनच विचारलं.