बदलाची वर्दी कोणाला? सेंडमेल ते तलाठ्याची चावडी

पीएचडीच्या तयारीला लागलात की तुमचं निम्मं काम ईमेलवर येऊन पडतं. गाईडचे शेरे, पेपरचे मसुदे, नोंदणीच्या तारखा, सगळं तिथंच. आता समजा, विद्यापीठाच्या मेल सर्व्हरवर कोणीतरी एक ओळ बदलली आणि तुमच्या प्रत्येक मेलची प्रत तिसऱ्याच पत्त्यावर जाऊ लागली. हे कळेल कोणाला? या प्रश्नाला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचा सेंडमेल १९८३ पासून बीएसडी युनिक्सबरोबर पसरला. त्याची कॉन्फिगरेशन फाइल मोडीपेक्षा अवघड (मोडीचे निदान वर्ग तरी असतात!). याच सेंडमेलसाठी ऑलमन यांनी सिसलॉग बनवला, म्हणजे घडलेलं टिपून ठेवणारी रोजवही. पुढे ती सगळ्या युनिक्सची सवय झाली. तिचं अधिकृत टिपण मात्र आलं २००१ मध्ये, आरएफसी ३१६४ म्हणून. तुमच्या कामाचं बघा: कागदावरचं साल म्हणजे पद्धत सुरू झाल्याचं साल, असं धरू नका.

पण कोणतं पत्र कुठं गेलं हे लिहिणं वेगळं, आणि नियमच कोणी बदलला हे सांगणं वेगळं. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म पसरला तो काही अंशी सेंडमेलच्या डीबग सोयीतून. चाचणीपुरती असलेली ही सोय अनेक मशीनवर चालूच राहिली होती.

मग सूचना देण्याच्या युक्त्या आल्या. फाइलवर पहारा ठेवायचा, ती बदलली की प्रशासकाला ईमेल. एक्स्चेंज २०१० मध्ये तर कोणत्या प्रशासकाने कोणती आज्ञा चालवली, याची वेगळी नोंदच ठेवता येऊ लागली. पण गोची कुठं आहे? सूचनेचा मेल बऱ्याचदा त्याच सर्व्हरमधून जातो. ज्यानं रस्ता वळवला, त्याच्याच रस्त्यानं जासूद पाठवायचा! शिवाय बदल करणारा आणि सूचना वाचणारा एकच माणूस असला, तर सगळंच मुसळ केरात.

इथं आपल्या वऱ्हाडाकडे वळू. दर्यापूर असो की मूर्तिजापूर, शेताचा फेर घेताना तलाठ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५० लागू होतं. फेरफार वहीत नोंद केली की त्याच वेळी तिची प्रत चावडीवर लावायची, आणि हितसंबंध असलेल्यांना लेखी कळवायचं. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढते. नोंद प्रमाणित करतो तो वरचा अधिकारी, बहुधा मंडळ अधिकारी, तलाठी नाही. दोन वाटांनी वर्दी, आणि शेवटची सही दुसऱ्याची. प्रत्यक्षात नोटीस बहिणींपर्यंत पोचत नाही, हे आपल्याकडं कोण जाणत नाही? पण ‘नोटीस मिळालीच नाही’ असं म्हणायला तरी जागा राहते. मला ही रचना बऱ्याच मेल सर्व्हरपेक्षा शहाणी वाटते. सर्व्हरच्या बाबतीत तिचा अर्थ इतकाच: लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा, आणि सूचना बाहेरच्या पत्त्यावर किंवा एसएमएसवरही, दुसऱ्या माणसाला जाऊ द्या.

आता पुराव्याचं बोलू. अकोला-अमरावतीचे जुने फेरफार स्कॅन होऊन राज्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत. तुमच्या पणजोबांच्या वावराचा फेर कदाचित तिथं सापडेल. सर्व्हरच्या लॉगचं तसं नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते किमान १८० दिवस ठेवावे लागतात. पुढं ठेवायचे की पुसायचे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. विद्यापीठांच्या संगणकीकरणावर काम करायचं मनात असेल, तर संगणक केंद्रातल्या माणसांना आत्ताच भेटा. कोणते बदल झाले हे विचाराच, पण ते कळवले कोणाला जायचे, हे आधी विचारा.