नाव प्रभातचे, जागा किब्यांची

भिलाईत राहणाऱ्या माणसाला मालकी आणि वहिवाट यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. आपण राहतो ते क्वार्टर कारखान्याचे. अंगणातला आंबा मात्र आपल्या हातचा. निवृत्तीनंतर घर लीजवर घेऊन येथेच राहिलेल्या मंडळींना तर कागदावरचे नाव आणि फाटकावरचे नाव ही दोन निराळी प्रकरणे असतात, हे चांगलेच ठाऊक आहे. म्हणूनच पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एका चित्रगृहाची हकीकत या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

हे चित्रगृह उभे राहिले ते इंदूरच्या सरदार किबे घराण्यामुळे. होळकरांच्या राज्यात मानाने नांदलेले हे मराठी घराणे. त्यातील माधवराव किबे यांचे नाव आपल्या या मुलखाशीही एका गमतीच्या कारणाने जोडलेले आहे. रावणाची लंका समुद्रापलीकडे नव्हे, तर अमरकंटकच्या परिसरात होती, असे मत त्यांनी हिरिरीने मांडले होते. ते विद्वानांनी मानले नाही. तथापि अमरकंटकच्या सहलीत त्याची आठवण काढण्यास हरकत नाही. असो. सप्टेंबर १९३४ मध्ये पुण्यातील हे चित्रगृह सुरू झाले, ते ‘किबे लक्ष्मी थिएटर’ या नावाने.

भाडेपट्ट्याने ते प्रभात फिल्म कंपनीकडे आले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही संस्था १९३३ मध्ये पुण्यास आली होती. चित्रपट काढणाऱ्यास स्वतःचा पडदा हाताशी असणे ही केवळ हौस नव्हे. चित्र तयार झाले तरी ते कोणत्या गृहात, कोणत्या आठवड्यात आणि किती दिवस चालावे, हे ठरविणारा दुसराच असेल, तर कलावंताचे निम्मे नशीब त्या दुसऱ्याच्या हाती जाते. प्रभातच्या भागीदारांना हे व्यवहारज्ञान होते. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही चित्रे ज्या कंपनीने काढली, तिचेच नाव हळूहळू त्या वास्तूला चिकटले आणि मूळ नाव लोकांच्या जिभेवरून उतरले. भाडेकऱ्याने घरमालकाचे नाव पुसून टाकल्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. आणि तेही कसलाही तंटा न करता, निव्वळ चांगल्या कामाच्या बळावर!

पुढे कंपनीच विस्कटली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये विष्णुपंत दामले निवर्तले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. ज्या स्टुडिओत ही सारी चित्रे घडली, तेथे १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. चित्रगृह मात्र दामले कुटुंबीयांच्या व्यवस्थापनाखाली चालत राहिले. कंपनी गेल्यावरही साठ वर्षे तिचे नाव ज्या दारावर झळकत राहिले, ते दार किब्यांचे होते, ही गोष्ट पुणेकर जवळजवळ विसरूनच गेले होते.

त्यामुळे डिसेंबर २०१४ अखेरीस करार संपून चित्रगृह मूळ मालकांकडे परत गेले, तेव्हा अनेकांना ‘प्रभात’ बंद पडत असल्याचे दुःख झाले. ते दुःख खरे होते. पण त्यात मालकांवर अन्याय करणारा एक सूरही मिसळला होता. जणू परक्या कोणी येऊन मराठी चित्रपटाचे घर हिरावून घेतले! वस्तुतः मुदत संपलेली वस्तू मालकाने परत घेतली होती, एवढेच. एकपडदा गृहे ठिकठिकाणी मोडून त्यांच्या जागी दुकानांच्या माड्या चढत असताना किब्यांनी ही वास्तू पाडली नाही, तिचे नूतनीकरण केले आणि ती पुन्हा प्रेक्षकांसाठी उघडली. मला ही गोष्ट नावापेक्षा मोठी वाटते. जे नवे नाव म्हणून लोकांना खटकले, तेच त्या वास्तूचे सर्वांत जुने नाव होते: किबे लक्ष्मी.

तरीही दामले मंडळींनी पाटी उतरविताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे क्वार्टर रिकामे करून किल्ल्या परत दिलेल्या कोणासही सांगायला नको. प्रभातचे नाव पुण्यात राहिले आहे ते डेक्कनकडच्या एका रस्त्याला. जुन्या स्टुडिओच्या बाजूने जाणाऱ्या त्या रस्त्याला लोक आजही प्रभात रोडच म्हणतात.