चाकोरी : रस्ता, चाक आणि वजनाचा कायदा (धागा)

१/ ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण ‘ठरावीक पठडी’ या अर्थाने वापरतो. मुळात ती गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ होय. महामार्गाच्या डाव्या मार्गिकेकडे निरखून पाहिल्यास डांबरातही अशा दोन समांतर चाकोऱ्या आढळतात. त्या कोण पाडतो आणि बुजवण्याचा खर्च कोण सोसतो, या वादाला फार जुना इतिहास आहे.

२/ प्रारंभ रोमपासून करू. इ.स. ४३८ च्या थिओडोशियन संहितेत सम्राट कॉन्स्टँशियस दुसरा याचा चौथ्या शतकातील एक आदेश जतन झाला आहे. सरकारी टपालसेवेच्या ‘राएडा’ या मोठ्या गाडीवर १,००० रोमन पौंड, म्हणजे सुमारे ३२७ किलो; दुचाकी गाडीवर २०० पौंड; घोडेस्वारापाशी ३० पौंड. राएडाला उन्हाळ्यात आठ खेचरे, हिवाळ्यात दहा. येथे राज्याला चिंता होती ती मुख्यतः आपल्या जनावरांची.

३/ इंग्लंडमध्ये प्रश्न निराळा झाला. १५५५ च्या कायद्याने रस्तेदुरुस्तीचा भार प्रत्येक पॅरिशवर, अर्थात गावावर पडला आणि गावकऱ्यांना वर्षातून चार दिवस विनावेतन राबावे लागे. माल व्यापाऱ्याचा, भाडे गाडीवानाचे, चिखलातली वेठ मात्र शेतकऱ्याची! १६२१ मध्ये राजा जेम्स पहिला याने फर्मान काढून चारचाकी मालगाड्यांना आणि एक टनाहून अधिक ओझ्याला मनाई केली. व्यापार वाढतच होता. फर्मान टिकणे कठीण होते.

४/ पुढे टर्नपाइक विश्वस्त मंडळे आली : पथकर घ्यायचा आणि त्यातून रस्ता राखायचा. १७४१ च्या कायद्याने त्यांना नाक्यावर वजनकाटा बसवण्याची मुभा दिली. ६० हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे तीन टनांवरील प्रत्येक हंड्रेडवेटला २० शिलिंग जादा आकार. आजच्या टोलनाक्यावरील काट्याचा हा पूर्वज म्हणावा लागेल.

५/ १७५३ मध्ये विचार झाला की चाक रुंद केल्यास ते रुळासारखे रस्ता दाबून बसवील. म्हणून नऊ इंच रुंद धावेची चाके सक्तीची करून त्यांना सवलती देण्यात आल्या. गाडीवाल्यांनी तोडही काढली : चाक नऊ इंचीच, परंतु मधली लोखंडी पट्टी उंच. जमिनीला टेके ती केवळ पट्टी. कायद्याचे माप पाळले गेले आणि रस्ता पूर्ववत उखडत राहिला.

६/ आता मोटारयुग. भरीव रबरी धावांचे ट्रक रस्ते चिरडू लागले, तेव्हा १९१३ मध्ये अमेरिकेतील चार राज्यांनी प्रथम वजनमर्यादा घातल्या. मेन राज्यात १८,००० पौंड (सुमारे ८.२ टन), मॅसॅच्युसेट्समध्ये २८,००० (सुमारे १२.७ टन), पेनसिल्व्हेनिया व वॉशिंग्टनमध्ये २४,०००. एकाच देशात इतकी तफावत, कारण रस्ता नेमका किती सोसतो याचे मोजमापच कोणापाशी नव्हते.

७/ ते मोजमाप इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ झाले. १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या वर्तुळाकार मार्गांवर अमेरिकी लष्कराचे जवान ठरावीक वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवत होते. आसांच्या सुमारे ११ लाख फेऱ्यांनंतर निष्कर्ष हाती आला : रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते.

८/ याचा अर्थ समजून घेऊ. आसावरचा भार दुप्पट केला, तर झीज दुप्पट होत नाही. २×२×२×२, म्हणजे १६ पट होते. दीडपट भाराला सुमारे ५ पट. म्हणून गाडीचे एकूण वजन हा अर्धाच प्रश्न आहे. ते किती आसांवर विभागले आहे, हा उरलेला अर्धा.

९/ पुलाचे गणित आणखी वेगळे. आखूड गाडीचा सारा भार एकाच गाळ्यावर येतो, लांब गाडीचा विखुरतो. म्हणून १९७४ च्या अमेरिकी कायद्याने आसांची संख्या आणि अंतर यांवरून मर्यादा ठरवणारे ‘पूल-सूत्र’ आणले. १६ फुटांत तीन आस असलेल्या डंपरला ४८,००० पौंड (सुमारे २१.८ टन); ५१ फुटांत पाच आस असल्यास ८०,००० (सुमारे ३६.३ टन). डंपरला लांब ट्रेलर किंवा मागे जादा आस का जोडतात, याचे एक मोठे कारण या आकड्यांत आहे.

१०/ भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ नोंदणीतील वजनाहून अधिक भार नेण्यास मनाई करते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही. तो उतरवलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये झाला. तत्पूर्वी २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली होती. भार वाढला सुमारे १३ टक्के; चौथ्या घाताने पाहिल्यास प्रत्येक फेरीची झीज सुमारे ६० टक्के.

११/ आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. वाळू आणि खडी विकली जाते ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने, आणि कायदा मोजतो टनांत. नदीतून नुकतीच काढलेली ओली वाळू त्याच मापात कोरड्या वाळूपेक्षा जड भरते. हौदा तेवढाच दिसतो. काट्यावर मात्र आकडा पुढे सरकतो.

१२/ आणि काट्यावर गाडी उभी असते तेव्हा समोर असतो चालक. माल किती भरावा हे बहुधा तो ठरवत नाही. याची जाण कायद्यालाही आहे : चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे कलम ११३ मध्येच म्हटले आहे. १५५५ चा तो राबणारा शेतकरी आठवा. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, ही तक्रार तेव्हापासून चालत आली आहे.

१३/ पुढच्या वेळी एखादा डंपर शेजारी थांबला, तर त्याच्या अंगावर रंगवलेले दोन आकडे वाचा : रिकामे वजन आणि भरलेले वजन. दोहोंची वजाबाकी म्हणजे त्याला कायद्याने नेता येणारा माल. मग हौद्याकडे पाहा आणि नंतर खाली, रस्त्यातल्या चाकोरीकडे. तुमच्या गावच्या रस्त्यावर काय दिसते, ते खाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)