ज्याचे त्याचे टेबल

आमच्या हिला माझ्याविषयी अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट आहे. मी 'कॉम्प्युटरवर काम करतो'. हळदीकुंकवाला ती हे अशा सुरात सांगते की बायकांना वाटावे, श्रीहरिकोट्याहून उपग्रह सोडून मी आत्ताच घरी आलोय. वस्तुस्थिती अशी की मी बी. कॉम., आणि बँकेत कारकून. तरीही या यंत्राचा बँकेतला इतिहास लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत आहे. पानिपतचा इतिहास लिहिणारे तरी कुठे पानिपतावर मार खायला गेले होते? आम्ही निदान मार खाल्लेला आहे.

शाखा हरसूलची. त्र्यंबकेश्वरला येणारे भाविक देवदर्शन आटपून जिथून माघारी फिरतात, तिथून आमचा रस्ता सुरू होतो. पुढे डोंगर, उतारावरची नागली-वरई, भाताची खाचरे, आणि तसेच पुढे गेलात तर थेट गुजरात. पावसाळ्यात इथे पाऊस येतो तेव्हा वीज जाते, विजेपाठोपाठ रेंज जाते आणि रेंजपाठोपाठ बँक जाते. इमारत जागेवर असते, पण बँक गेलेली असते.

मी २००५ साली नोकरीला लागलो तेव्हा पहिली शाखा इतक्या आडवळणाची मिळाली की तिथे लेजर अजून जिवंत होते. पैसे काढायची पद्धत अशी : गिऱ्हाइकाने स्लिप द्यायची, आम्ही पितळी टोकन द्यायचे. स्लिप लेजरच्या टेबलावर जायची, तिथे शिल्लक बघून पोस्टिंग व्हायचे. मग पासिंग ऑफिसर सही ताडून पाहायचे, स्वतःची सही ठोकायचे आणि स्लिप कॅशियरच्या पिंजऱ्यात जायची. टोकन परत आल्याशिवाय कॅशियर नोट सोडत नसे. कॅशियरला लेजरमध्ये काय लिहिलेय ते ठाऊक नसे, लेजरवाल्याला पेटीत किती नोटा आहेत याची फिकीर नसे. ज्याचे त्याचे टेबल. टेबलांमध्ये फिरायचा तो फक्त कागद. (आणि चहा.)

आता गंमत ऐका. १९९६ साली गार्टनर या अमेरिकन सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांनी नेमक्या याच व्यवस्थेला 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर' असे भारदस्त नाव दिले. म्हणजे धंद्याचा एकच अजस्र प्रोग्रॅम लिहायचा नाही. प्रत्येक कामाचे वेगळे टेबल मांडायचे, त्याला म्हणायचे सर्व्हिस. एका सर्व्हिसने दुसरीकडे ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी पाठवायची, उत्तर घ्यायचे, आत डोकावायचे नाही. आमच्या हेडकॅशियरना हे कोणी वेळेवर सांगितले असते तर ते आर्किटेक्ट म्हणून निवृत्त झाले असते.

मधला प्रवास मात्र वाकडा झाला. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या नावात 'कॉम्प्युटर' हा शब्द नव्हता, 'मेकॅनायझेशन' होता. शब्द उच्चारला की युनियनचा मोर्चा निघे, आणि तो काही उगाच निघत नसे, नोकऱ्यांची भीती खरी होती. त्याच वर्षी बँका आणि युनियन यांच्यात करारही झाला. मग जे यंत्र आले त्याचे नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. नव्या सुनेने पदर घेऊन उंबरठा ओलांडावा तसा कॉम्प्युटर आत आला. पाच वर्षांनी, १९८८ साली, पुन्हा रंगराजन यांचीच समिती, आणि आता नावात राजरोस 'कॉम्प्युटरायझेशन'. पदर पडला!

ही मशिने एकमेकांशी बोलत नसत. बचत खात्याचे मशीन शेजारच्या मशीनशी अबोला धरून बसे. ते मिटवायला पुढे कोअर बँकिंग आले. त्यात आपल्या मराठी मुलखाचाही हात आहे. 'फिनॅकल' काढणारी इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि 'फ्लेक्सक्यूब' काढणारी कंपनी मुंबईची. सगळी लेजरे एका मोठ्या यंत्रात गेली. टोकनांचे काय झाले ते मला अजून कळलेले नाही. बहुधा कोणाच्या तरी घरी पितळी समई झाली असावी.

ही विखुरलेली टेबले जोडायची हत्यारे कशी आली, ते मला पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या भाच्याने समजावले. चिठ्ठी कशी लिहायची त्याचा नमुना, एक्सएमएल, १९९८ साली ठरला. लिफाफा कसा असावा ते, सोप, २००० साली. (सोप म्हणजे साबण नव्हे, मी विचारून घेतले.) २००१ साली आली डब्ल्यूएसडीएल, म्हणजे खिडकीवरची पाटी : इथे काय मिळते, कोणता फॉर्म भरावा, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल. त्याच वर्षी आयबीएमने 'एक्लिप्स' खुले केले, २००२ साली मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट' आले.

"मामा, हे टूल ती पाटी स्वतः वाचतं आणि चिठ्ठ्या लिहायचा सगळा कोड स्वतः तयार करतं," भाचा म्हणाला. "प्रोग्रॅमरला वाटतं, समोरची सर्व्हिस आपल्याच मशीनमध्ये आहे."

"आणि असते कुठे?"

"कुठेही. हैदराबादला, मुंबईला."

"मधे डोंगर असला तर?"

यावर तो हसला. मी विनोद केला नव्हता.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस. एक आजी काउंटरवर आली. निराधार योजनेचे पैसे आमच्याकडे जमा होतात, पण आमच्या रांगेला कंटाळून ती बाहेर दुसऱ्या बँकेच्या बँकमित्राकडे गेली होती. आधार क्रमांक सांगायचा, अंगठा टेकायचा, पैसे घ्यायचे. (देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले, तेव्हा हे प्रकरण आदिवासी भागाला नवीन नाही.) तिने हजार रुपयांसाठी अंगठा टेकला. मशीन म्हणाले, व्यवहार अयशस्वी. मी खाते उघडले. आमचा कॉम्प्युटर म्हणाला, हजार रुपये दिले.

"मंग माझं पैसं कुठं हायेत?" आजीने विचारले.

प्रश्न इतका सरळ होता की उत्तर सापडेना. तिचा अंगठा हरसूलहून त्या बँकेकडे गेला, तिथून मुंबईच्या पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, तिथून आधारवाल्यांकडे. तिथे तो पटला. मग चिठ्ठी आमच्या कोअर बँकिंगला आली, खात्यातून हजार वजा झाले आणि 'हो, द्या' असे उत्तर माघारी निघाले. ते उत्तर घाटात कुठेतरी भिजले. बँकमित्राच्या मशीनने वाट पाहिली आणि नाही म्हणून टाकले. प्रत्येक टेबल आपल्या जागी खरे बोलत होते, आणि आजी रिकाम्या हाताने उभी होती. लेजरच्या दिवसांत हे झाले नसते असे नाही, पण स्लिप हरवली तर आम्ही टेबलांखाली शोधायचो. इथे टेबलच चार गावांत.

पीटर डॉइच नावाच्या गृहस्थांनी, ते सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना, १९९४ साली प्रोग्रॅमर मंडळींच्या खुळ्या समजुतींची यादी केली होती. त्यातली पहिली समजूत : नेटवर्क भरवशाचे असते. त्यासाठी अमेरिकेत संशोधन करायची काय गरज होती? आषाढात हरसूलच्या एसटी स्टँडवर कोणालाही विचारायचे.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. असे अडकलेले पैसे मशीनवाल्या बँकेने पाच दिवसांत परत पाठवायचे, उशीर झाल्यास दर दिवशी शंभर रुपये भरपाई. मी आजीला ते सांगितले. तिने विचारले, "कागद?"

मशीनची पावती होती, पण पावसाने तिच्यावरची अक्षरे केव्हाच पुसट झाली होती. मी एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर लिहिले : अमुक तारखेला अमुक वेळी हजार रुपये अडकले, पाच दिवसांत येणे. सही केली. खाली शाखेचा गोल शिक्का मारला. आजीने कागद उलटसुलट पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवले आणि घडी करून कनवटीला खोचला.

चौथ्या दिवशी पैसे जमा झाले. आजी आली, माझ्याकडूनच रोख घेतले, कागद परत केला. टोकन परत करावे तसाच! मी तो फाडणार, तोच मागून दोघे पुढे सरकले. त्यांचेही पैसे अडकले होते, आणि त्यांना मशीनची पावती नको होती, 'त्या आजीला दिला तसला' कागद हवा होता.

सध्या माझ्या खणात असल्या व्हाउचरांचा गठ्ठा आहे. ही पद्धत कोणत्या परिपत्रकान्वये सुरू केली, असे वरून एक पत्रही आले आहे. उत्तराचा मसुदा मी भाच्याला दाखवला. त्याने सुचवले, "सर्व्हिस ओरिएंटेड असं लिही मामा, कोणी पुढे विचारणार नाही."