१९१८ ची मुंबई : साथीने जात पाहिली नाही?

'रोग जात पाहत नाही' असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. १९१८ ची मुंबई काय सांगते?

मार्चमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. जूनमध्ये इन्फ्लुएन्झा आला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसे मेली. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याने नोंदवलेला हजारी मृत्युदर असा : युरोपियन ८.३, सवर्ण हिंदू १८.९, 'खालच्या जातीचे हिंदू' ६१.६. रोग एकच होता. खोली, पाणी आणि मजुरी वेगळी होती.

डिसेंबरमध्ये टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनविरोधी निदर्शने झाली. जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. दोन्ही घटना इतिहासात ठळक आहेत. पण २७ जानेवारीला याच मुंबईत सिडनहॅम कॉलेजचे तरुण प्राध्यापक बाबासाहेब आंबेडकर साउथबरो समितीपुढे उभे राहिले आणि अस्पृश्यांसाठी मताधिकार व स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले, ते कितीजण सांगतात?

मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्तेला होता. सर्वाधिक मेले, त्यांनाच मत नव्हते. ६१.६ हा आकडा समोर ठेवून ती साक्ष वाचा. 'सवलत मागितली' म्हणणाऱ्यांना उत्तर तिथेच आहे : तो जगण्याचा हक्क होता.

जय भीम!