भंडाऱ्याचा बिबा आणि औषधांचा कायदा

वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा जिल्ह्याची ख्याती तलावांसाठी, भातासाठी आणि पितळेच्या भांड्यांसाठी आहे. आंबागडच्या डोंगरांत व कोक्याच्या जंगलात औषधी वनस्पतींची जी संपत्ती आहे, तिची गणना मात्र सहसा कोणी करीत नाही. हिरडा, बेहडा, आवळा, बेल, मोह ही झाडे तेथील रहिवाशांच्या नित्य परिचयाची आहेत. त्यांच्याच पंक्तीत बिब्याचे झाड उभे असते. ह्या बिब्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. एकच फळ औषध केव्हा ठरते व विष केव्हा ठरते, आणि ह्या दोहोंमधील सीमा राखण्याचे काम समाजाने वेळोवेळी कोणाकडे सोपविले, हे त्यावरून चांगले ध्यानात येते.

बिब्याच्या कवचात काळे, दाहक तेल असते. पूर्वी परीट ह्या तेलाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत. तेच तेल अंगास लागले असता कातडीवर फोड उठतात व सूज येते. यालाच लोक 'बिबा उतला' असे म्हणतात. आतील बी, म्हणजे गोडंबी, मात्र पौष्टिक म्हणून खाल्ली जाते. ह्याच फळाची गणना चरकसंहितेत रसायन औषधांत केलेली आहे. तथापि ते जसेच्या तसे पोटात घ्यावयाचे नसते. देठाकडील भाग काढून, विटेच्या भुग्यात घोळून, त्यातील बरेचसे तेल भुग्याकडून शोषवून घ्यावयाचे, मग धुऊन पुढील संस्कार करावयाचे, अशी शोधनाची रीत वैद्यकग्रंथांत आहे. नीट योजलेले विष औषध होते व चुकीने योजलेले औषध विष होते, हा विचार आयुर्वेदास प्रारंभापासून मान्य आहे. वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे प्राचीन वैद्यांनी कधीच मानले नव्हते.

जुन्या काळी ह्या ज्ञानाचा पहारा माणसांकडे असे. गावचा वैद्य किंवा गोंडवस्तीतील भुमका ज्या झाडाची साल काढी, ते झाड त्याच्या ओळखीचे असे. आणि ज्याला औषध द्यावयाचे, त्याचे घर, वय, प्रकृतीही त्यास ठाऊक असे. चुका तेव्हाही होत. परंतु औषध देणारा व घेणारा एकाच पाणवठ्यावरचे असल्यामुळे चुकीचा जाब कोणास विचारावयाचा, हे सर्वांस माहीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटू लागली. १८७२ साली पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्रीधूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला आणि शास्त्रोक्त औषधे तयार स्वरूपात दूरवर जाऊ लागली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग वरठीवरून गेला. जंगलचा माल शहरांत व शहरांतील बाटल्या खेड्यांत नेण्याची सोय झाली. औषध आणि रोगी यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले. बाटलीत काय आहे हे घेणाऱ्यास कळेना, व ती कोणाच्या पोटात जाणार हे करणाऱ्यास कळेना. ह्या अंतरामुळेच कायद्याची गरज उत्पन्न झाली.

१९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांच्या चौकशीसाठी समिती नेमली. पुढे १९४० साली औषधांचा कायदा झाला. भंडारा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. परंतु ह्या कायद्यात केवळ आयुर्वेदीय किंवा युनानी पद्धतीने वापरावयाची औषधे वगळलेली होती. १९५४ साली चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस बंदी करणारा कायदा आला. दोन वर्षांनी भंडारा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६४ साली मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. औषध तयार करून विकणाऱ्यास परवाना आवश्यक झाला, आणि शास्त्रोक्त औषध कोणत्या ग्रंथांना अनुसरून असावे, त्या ग्रंथांची यादीच कायद्यास जोडण्यात आली.

ह्या कायद्याच्या नियमांत 'ई (१)' नावाची एक अनुसूची आहे. तीत आयुर्वेदातील विषारी द्रव्ये सांगितलेली आहेत. बिबा तीत आहे. भंडाऱ्याच्या शेताबांधांवर दिसणारी रुई, धोतरा व गुंज आहेत. कळलावी, कण्हेर, वचनाग आणि पाराही आहेत. अशी द्रव्ये असलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा त्याच्या वेष्टनावर इंग्रजी व हिंदी भाषांत छापावा लागतो. जो इशारा पूर्वी वैद्य तोंडाने देत असे, तोच आता कागदावर आला.

तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. आपल्याच रोग्यासाठी स्वतः औषध करून देणाऱ्या वैद्यास कायद्याने कारखान्याच्या परवान्यातून मोकळे ठेवले. कारण तेथे देणारा व घेणारा समोरासमोर असतात. दुसरे असे की, ॲलोपॅथिक औषधांच्या दुकानदारास विक्रीचा जसा परवाना लागतो, तशी अट आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस सर्वसाधारणपणे घातली गेली नाही. त्यामुळे ही औषधे किराण्याच्या दुकानातही मिळू शकतात, आणि तेथे सावध करणारे वेष्टनाशिवाय दुसरे कोणी नसते.

अशी सावधगिरी केवळ ह्याच देशात हवी असे नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरी वजन उतरविण्याच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. चिनी भाषेतील नावांच्या साम्यामुळे एका मुळीच्या जागी दुसरी विषारी मुळी पडली होती. ती सापसंदाच्या कुळातील होती. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली असता १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून परदेशी जाणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांची जड धातूंसाठी तपासणी आवश्यक करण्यात आली. येथला ग्राहक मात्र पुष्कळदा आठवडी बाजारातून बिनकागदाची पुडी घेतो. 'झाडपाल्याचे आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. आणि सांधेदुखीच्या ज्या पुडीने एका रात्रीत आराम पडतो, तीत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, ही शंकाही कोणास शिवत नाही.

कायद्याने घातलेला पहारा उपयोगी पडावयाचा असेल तर वेष्टन वाचले पाहिजे. त्यावर 'आयुर्वेदीय औषध' हे शब्द, घटकद्रव्यांची नावे व प्रमाण, करणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. यातले काही नसेल तर ती पुडी परत करणे शहाणपणाचे. परवाना आहे म्हणजे ते औषध प्रत्येकास मानवेल, असेही नाही. ज्येष्ठमध हे घरगुती द्रव्य आहे. पण ते फार दिवस पुष्कळ प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. म्हणून रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने, गर्भवती स्त्रीने, आणि लहान मुलास औषध देणाऱ्या आईने वैद्यास आधी विचारावे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून व गोळ्यांची गोष्ट वैद्यापासून लपवू नये. औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठले, डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली, तर ते तत्काळ थांबवून, वेष्टन हाती घेऊनच रुग्णालय गाठावे. आत काय होते हे कळले म्हणजे उपचाराची दिशा लवकर ठरते.

कोक्याच्या रानातील बिबा आजही तसाच दाहक आहे. विटेच्या भुग्याने त्याचे तेल शोषणाऱ्या वैद्यांस ते ठाऊक होते. ती माहिती आज छापील कागदावर ग्राहकाच्या हाती येते. ती वाचण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.