आधी बूट, मग स्की

मराठवाड्यात बर्फ म्हटले की रसवंतीवर लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवलेली लादीच प्रथम डोळ्यांसमोर येते. ज्या लातूर शहरासाठी २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील वाचकाला स्कीइंगच्या साहित्याविषयी सांगणे काहीसे विनोदी वाटण्याचा संभव आहे. परंतु नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस दिल्ली व अंबाल्यावरून थेट अमृतसरला जाते, आणि हिमालयाचा पायथा तेथून फार लांब नाही. गिर्यारोहणाची गोडी लागलेली येथील काही मंडळी आता हिवाळ्यात बर्फाच्या उतारांकडेही वळू लागली आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

आपल्या देशात हौशी स्कीइंगची ठिकाणे मोजकीच आहेत. काश्मीरमधील गुलमर्ग सर्वांत प्रसिद्ध. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील या ठिकाणी १९२७ मध्ये इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला होता. तेथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडातील औली येथे गढवाल मंडल विकास निगम प्रशिक्षणवर्ग घेते, तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था हिमाचलातील उतारांवर शिकविते. (औलीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यानंतर तेथील रज्जुमार्ग बंद करण्यात आला, त्यामुळे रस्त्याची चौकशी करूनच निघावे.) हंगाम साधारणतः जानेवारी ते मार्च असा असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच काळात येत असल्याने लातूरच्या घरांतील उत्साहाला एक-दोन वर्षे थांबावे लागते, हे ओघाने आलेच.

प्रशिक्षणवर्गात साहित्य बहुधा संस्थाच देते आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्यास ते भाड्याने मिळते. म्हणजे निवड दुकानातील कपाटापुरती मर्यादित असते. तरीही निवड करावीच लागते. जाकीट, हातमोजे व टोपी यांच्या खरेदीत महिना घालविणारी मंडळी बूट मात्र पाच मिनिटांत पायात चढवितात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर पाय चोळत बसतात. सहा-सात दिवसांच्या सहलीतील तीन दिवस असे वाया गेलेले अनेकांनी अनुभवले असतील. म्हणून क्रम असा: आधी बूट, मग बाइंडिंग, आणि सर्वांत शेवटी स्की.

बूट म्हणजे सुकाणू

स्कीचा बूट हा चालण्यासाठी नसतो. बाहेरून कठीण प्लास्टिकचे कवच, आत काढता-घालता येणारा मऊ बूट आणि वर तीन-चार बकले अशी त्याची रचना असते. १९६० च्या दशकापूर्वी हे बूट चामड्याचे व नाडीचे असत; प्लास्टिक आल्यानंतर ते घोट्याच्या वरपर्यंत चढले. उतारावर वळताना स्कीअर गुडघा पुढे झुकवून नडगीने बुटाच्या जिभेवर दाब देतो, तो दाब कवचामार्फत स्कीच्या कडेपर्यंत पोहोचतो आणि स्की वळते. बुटाच्या आत पाय एक सेंटीमीटर जरी इकडेतिकडे सरकला, तरी तेवढी हालचाल वाया जाते. स्वार वळतो, स्की वळत नाही. नवशिक्याला वाटते की आपल्याला जमत नाही. दोष बहुतेक वेळा मोठ्या बुटाचा असतो.

मोठा बूट घेण्याची सवय आपल्याकडे लहानपणापासूनच लागते. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना ‘वाढत्या पायाचे’ म्हणून एक नंबर मोठाच घेतला जातो. पुढे चपला-सॅंडलमध्ये वावरणाऱ्या पायाला सैल पादत्राणच सुखाचे वाटू लागते. दुकानदाराने नंबर विचारला, की ग्राहक ‘आठ’ म्हणतो. तो आकडा त्याच्या बाजारातल्या सैल बुटाचा असतो, पायाचा नव्हे.

स्कीच्या बुटाचे माप सेंटीमीटरमध्ये असते. २६.५ असे लिहिलेले असेल, तर तो २६.५ सेंटीमीटर लांबीच्या पावलासाठी आहे. हे माप घरीच घेता येते. सायंकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी आणि अंतर मोजावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचे माप धरावे, पण त्यात स्वतःहून काही वाढवू नये. बहुतेक कंपन्यांचे अर्धे माप हे केवळ आतील मऊ बुटापुरते असते. २६ व २६.५ यांचे कवच एकच असते. त्यामुळे अर्ध्या मापावरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

लांबीपेक्षा आपल्याला अधिक नडते ती रुंदी. ज्यांचे बालपण अनवाणी किंवा वहाणांत गेले, त्यांचा चवडा पसरट असतो. दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातही नेहमी बूट घालणाऱ्यांपेक्षा त्यांची पावले रुंद आढळली होती. स्कीचे बूट मात्र बहुतांशी युरोपातील पायांसाठी घडविलेले. चवड्याजवळील आतील रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते: ९८ च्या आसपास अरुंद, १०० मध्यम, १०२ व त्यापुढे रुंद. चवडा दाबला जातो म्हणून आपली मंडळी लांबीला एक-दोन मापे मोठा बूट घेतात. तेथेच चूक होते. चवड्याला जागा मिळते खरी, पण टाच मोकळी सुटते. मागावयाचा असेल तर त्याच लांबीचा रुंद बूट मागावा.

बुटाची परीक्षा आतला मऊ बूट काढून करता येते. रिकाम्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवावीत. टाचेच्या मागे साधारण दीड ते दोन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दोन बोटे जागा राहिली तर माप योग्य. तीन बोटे सहज जात असतील तर बूट मोठा. मग आतील बूट परत बसवावा, पाय घालून टाच जमिनीवर आपटावी, म्हणजे ती मागे नीट बसते. खालची बकले हलकी, घोट्याजवळचे घट्ट आणि वरची नडगीला कवच लागेल इतकी लावावीत. ताठ उभे राहिल्यास बोटांची टोके पुढे किंचित टेकतील. गुडघे पुढे झुकविले की ती मागे सरकतील. झुकताना टाच उचलली जाता कामा नये. हे सर्व करून दहा-पंधरा मिनिटे दुकानातच उभे राहावे. भाडेकरूची घाई आणि दुकानदाराची घाई या दोन्ही गोष्टी येथे बाजूला ठेवाव्यात.

दुखणे कोठे होते यावरून कारण ओळखता येते, आणि ते पुष्कळदा अपेक्षेच्या उलट निघते. अंगठ्याचे नख काळे पडले तर बूट लहान आहे असे वाटते. प्रत्यक्षात मोठ्या बुटात पाय पुढे घसरून नख आपटत असण्याचीच शक्यता अधिक. नडगी सोलवटणे हेही सैल बुटाचे लक्षण. बोटे बधिर होणे मात्र पावलावरची बकले जास्त आवळल्याने होते, कारण रक्तप्रवाह अडतो आणि थंडीत पाय अधिकच गारठतो. मोज्यांच्या बाबतीतही असेच. थंडी म्हणून दोन जोड घालणारे अधिक गारठतात. लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा, गुडघ्यापर्यंतचा, पातळ एकच मोजा पुरतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून टाळावा. आतल्या उबदार विजारीचा काठ बुटात खोचू नये; त्याची घडी नडगीत रुतते.

मधुमेह असणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर कवच कोठे टोचते आहे हे कळतच नाही आणि साधा फोड जखमेवर जातो. अशांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे आणि दर एक-दीड तासाने बूट काढून पाय डोळ्यांनी पाहावेत.

बुटाच्या कडकपणाचा आकडा ६० ते १३० च्या दरम्यान असतो. नवशिक्या पुरुषास ७० ते ९० व स्त्रीस ६० ते ८० पुरेसा. हा आकडा सर्व कंपन्यांत सारखा नसतो, शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी ताठरते. गुडघा झुकविताच बूट थोडा वाकला पाहिजे, एवढी खूण पुरे.

बाइंडिंग: येथे संकोच नको

बूट आणि स्की यांना जोडणारी ही यंत्रणा सर्वांत महत्त्वाची, आणि भाड्याच्या दुकानात सर्वांत दुर्लक्षित. पडताना ठराविक ताण आला की तिने बूट सोडून दिला पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन स्कीपटू हाल्मार ह्वाम याचा १९३७ मध्ये पाय मोडला. त्या दुखापतीतूनच आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना त्याला सुचली. पुढील दशकांत अशा यंत्रणा सुधारत गेल्या आणि नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण खूप घटले.

सुटण्याचा ताण स्क्रूने ठरविला जातो व त्याचा आकडा बाइंडिंगवर खिडकीत दिसतो. तो ठरविण्यासाठी वजन, उंची, वय, कौशल्याची पातळी आणि बुटाच्या तळाची लांबी या पाच गोष्टी लागतात. शेवटची मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. दुकानदाराने यांपैकी काहीच न विचारता स्की हातात दिली, तर आपण होऊन सांगावे व आकडा बदलून घ्यावा. वजन कमी सांगण्याचा मोह येथे आवरावा, आणि कौशल्य वाढवून सांगण्याचाही. वय पन्नास वा अधिक असल्यास आकडा एक पायरी खाली घेतला जातो, म्हणून तेही लपवू नये. बूट चावतो म्हणून दुपारी बूट बदलला, तर आधीचा आकडा निरुपयोगी ठरतो. बाइंडिंग पुन्हा बसवून घेणे भाग आहे. स्कीत पाय घालण्यापूर्वी तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढावा. तो राहिला तर बूट नीट बसत नाही व अवेळी सुटतो.

गुडघ्याची हमी मात्र कोणतीही बाइंडिंग देत नाही. नडगी वाचते, पण पिळवटीने गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका राहतोच. घसरत असताना उठण्याची धडपड करू नये, थांबेपर्यंत थांबावे, असे प्रशिक्षक सांगतात ते याचसाठी.

स्की

बुटाला दिलेल्या वेळाच्या चौथा हिस्सा स्कीला दिला तरी पुरे. १९९० च्या दशकापूर्वी स्की सरळ व लांब असत. हात वर केल्यावर मनगटापर्यंत येईल ती योग्य मानली जाई. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने मध्ये अरुंद व टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली आणि वळणे सोपी झाली. आता नवशिक्याची स्की उभी धरल्यास हनुवटी व नाक यांच्या दरम्यान यावी. १७० सेंटीमीटर उंचीच्या मध्यम वजनाच्या व्यक्तीस १५० ते १५५ सेंटीमीटरची चालेल. वजन अधिक असल्यास थोडी लांब, भित्र्या स्वभावास थोडी आखूड. आखूड स्की लवकर वळते, लांब स्की वेगात स्थिर राहते.

मधली रुंदी सपाटून घेतलेल्या उतारासाठी ७० ते ८५ मिलिमीटर पुरते. गुलमर्गला विदेशी स्कीअर शंभराहून अधिक मिलिमीटरच्या रुंद स्की घेऊन फिरताना दिसतात, त्यांच्याकडे पाहून तशा मागू नयेत. ते अफरवटच्या उंच उतारांवरून भुसभुशीत ताज्या बर्फात उतरण्यासाठी आलेले असतात. त्या बर्फात रुंद स्की तरंगते. शिकाऊ उतारावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायलाच जड जाते.

हाती आलेली स्की उलटी करून पाहावी. धातूची कड गंजलेली नसावी. तिच्यावर नख आडवे ओढल्यास पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. तळ पांढुरका व कोरडा दिसला तर मेण लावून मागावे. थर सुटलेली स्की परत करावी. ब्रेकचे दोन्ही काटे मोकळे हलतात का तेही पाहावे, नाहीतर सुटलेली स्की खालच्या माणसावर जाते. काठी उलटी धरून चकतीखाली पकडली असता कोपर काटकोनात यावे.

पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नये. दुसऱ्यांदा जाण्याचे नक्की झाले तर फक्त बूट घ्यावेत. स्की सर्वत्र भाड्याने मिळते, आपल्या पायाचा बूट मिळत नाही. जुने स्वस्त बूट घेताना कवचाचे वय पाहावे, कारण काही वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होते व थंडीत अकस्मात तडकते. आणि नांदेडला परत आल्यावर ते पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नयेत. आतील बूट काढून सावलीत वाळवावा, पुन्हा बसवून बकले हलकी लावावीत आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत.